पीआर मिळाला, लायसन्सचं काय?

कॅनडाला जायचं ठरवलेल्या इंजिनिअरच्या घरात दोन-तीन वर्षं एकच हिशेब चालू असतो: पॉइंट किती झाले? वयाचे इतके, आयेल्ट्सचे इतके, अनुभवाचे इतके. डिग्रीचे पॉइंट मिळावेत म्हणून वेस किंवा तिच्यासारख्या नेमलेल्या संस्थेकडून मूल्यांकन करून घेतात आणि आपलं बी.ई. तिथल्या पदवीच्या तोडीचं आहे असं त्या कागदावर लिहून येतं. घरच्यांच्या लेखी विषय तिथेच मिटतो. त्यांच्या सरकारनेच मान्य केल्यावर आता कोण अडवणार? पण तो कागद फक्त इमिग्रेशनच्या कामाचा असतो. माणसाला देशात राहू द्यायचं की नाही हे मुख्यतः केंद्र सरकार बघतं. त्याला इंजिनिअर म्हणवून घेऊ द्यायचं, ड्रॉइंगवर जबाबदारीने सही करू द्यायची की नाही, हे प्रांताच्या कायद्याने नेमलेली संस्था ठरवते. ऑन्टॅरिओत ती पीईओ, अल्बर्टात अपेगा. या संस्था आपली तपासणी स्वतः, पहिल्यापासून करतात. आणि नोकरी देणारा मालक या दोघांच्याही निर्णयाला बांधील नसतो. आपल्याकडची सगळी धावपळ, कन्सल्टंटच्या फीसकट, यातल्या पहिल्या निर्णयापुरती असते. उरलेल्या दोन निर्णयांची तयारी मात्र विमानात बसण्याच्या कितीतरी आधी, कॉलेज निवडताना आणि पहिल्या नोकरीत होत असते. तिथे पोचल्यावर ती करायला गेलं तर फार महाग पडते.

ही भीती घालण्यासाठी केलेली अतिशयोक्ती नाही. ऑन्टॅरिओतल्या इंजिनिअरांच्या संघटनेने २०१५ साली एक अहवाल काढला. २०११ च्या राष्ट्रीय पाहणीच्या आकड्यांनुसार, इंजिनिअरिंगची पदवी असलेल्या आणि कामावर असलेल्या लोकांपैकी जेमतेम ३० टक्के लोक इंजिनिअर किंवा इंजिनिअरिंग मॅनेजर म्हणून काम करत होते. यात तिथेच शिकलेलेही आले. (आपल्याकडे मेकॅनिकल करून बँकेत लागलेले किती, हे आठवलं तर यात नवल वाटायला नको.) बाहेरून आलेल्याला याच अरुंद जागेत शिरायचं असतं. त्यात दुसरी अडचण नावाची. फिलिप ओरिओपोलस या अर्थतज्ज्ञाने टोरोंटोतल्या नोकऱ्यांच्या जाहिरातींना मुद्दाम रचलेले हजारो बायोडेटा पाठवून पाहिले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, भारतीय, पाकिस्तानी, चिनी नावांना आणि परदेशातल्या अनुभवाला इंग्रजी नावांपेक्षा कमी बोलावणी आली. पालकांनी लक्षात घेण्यासारखी गोष्ट पुढेच आहे: बायोडेटावर नामवंत संस्थेची पदवी किंवा बहुराष्ट्रीय कंपनीतलं काम लिहूनही ही दरी भरली नाही. कॉलेजच्या नावासाठी इथे आपण दोन-दोन वर्षं क्लासला घालवतो. त्या नावाचं वजन टोरोंटोच्या एचआरपर्यंत पोचत नाही.

मग मालकाला नेमकी शंका कसली असते? सिव्हिलचं उदाहरण घेऊ. विनिपेगमध्ये कडक हिवाळ्यात जमीन दोन मीटरच्या आसपास खोल गोठू शकते, त्यामुळे पाया आणि पाण्याची पाइपलाइन किती खोल न्यायची याचा विचारच वेगळा. आपल्या साइटवर काँक्रीटमधली हवा म्हणजे दोष. व्हायब्रेटर नीट मारला नाही म्हणून सुपरवायझरच्या शिव्या बसतात. तिथेही तो दोष टाळायचाच असतो, पण त्याशिवाय उघड्यावरच्या काँक्रीटमध्ये रसायन घालून हवेचे सूक्ष्म बुडबुडे मुद्दाम ठेवतात, कारण आत शिरलेलं पाणी गोठून फुगलं की त्याला पसरायला जागा लागते. आयएस ४५६ च्या जागी सीएसए ए२३.३ येतं, स्टीलसाठी आयएस ८०० च्या जागी एस१६. आयएस ८७५ चा बर्फाच्या भारावरचा चौथा भाग पुण्या-नागपुरात काम केलेल्याने बहुधा उघडलेलाही नसतो. लाकडी सांगाड्याची घरं तर आपल्या अभ्यासक्रमात जवळपास नसतातच. एवढं सगळं नवं असलं तरी ज्याचं मूळ गणित पक्कं आहे त्याला हे शिकायला काही महिने पुरतात. हे शिकता येतं हे मालकालाही ठाऊक असतं. त्याला कळत नाही ते वेगळंच: या माणसाने मागच्या पाच वर्षांत स्वतः काय ठरवलं, आणि ते बरोबर होतं हे सांगणारं कोण आहे?

लायसन्स देणाऱ्या संस्थाही हेच विचारतात, फक्त जास्त पद्धतशीरपणे. बऱ्याच प्रांतांत आता अनुभव ३४ क्षमतांच्या कसोटीवर तपासतात. प्रत्येक क्षमतेसाठी अर्जदाराने प्रसंग लिहायचा: अडचण काय होती, मी काय केलं, त्यातून काय झालं. आणि त्या कामाची माहिती असलेल्या वरिष्ठाने ते खरं असल्याचं सांगायचं. आता आपल्या कंपन्या देतात तो अनुभवाचा दाखला आठवा. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत नोकरीला होते, वर्तणूक चांगली होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा. या दाखल्यातून ३४ पैकी एकही क्षमता सिद्ध होत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून कामाची वही ठेवावी. कोणत्या बीमचं डिझाइन स्वतः केलं, कोणती चूक पकडली, कुठल्या ठेकेदाराला काम पुन्हा करायला लावलं, हे तारखेनिशी लिहावं. अर्थात कंपनीची गोपनीय ड्रॉइंग उचलून न नेता. नोकरी सोडताना साहेबांशी वितुष्ट घेऊ नये, कारण पाच-सहा वर्षांनी ऑन्टॅरिओहून ईमेल येईल तेव्हा त्यांनीच उत्तर द्यायचं असतं. आणि पगार दोन हजारांनी जास्त म्हणून कोअर सोडून भलत्याच कामाला लागण्याआधी या वहीत काय लिहिता येईल याचा विचार करावा.

कॉलेज निवडतानाचा प्रश्नही इथेच येतो. इंजिनिअरिंगच्या पदव्यांना परस्परमान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन करारात भारत २०१४ साली पूर्ण सदस्य झाला, नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशनच्या म्हणजे एनबीएच्या मार्फत. पण ही मान्यता एनबीएच्या ‘टियर-१’ मानांकनापुरती आहे, आणि ते विद्यापीठं व स्वायत्त संस्थांना मिळतं. विद्यापीठाशी नुसत्या संलग्न असलेल्या कॉलेजांना ‘टियर-२’ मिळतं. ते या कराराखाली येत नाही. शिवाय मानांकन कॉलेजला नसतं, ब्रँचला असतं, आणि ठरावीक वर्षांपुरतं असतं. ‘एनबीए अ‍ॅक्रेडिटेड’ असा फलक गेटवर बघून समाधान मानण्यापेक्षा कोणती ब्रँच, कोणता टियर, कोणत्या वर्षापर्यंत, हे एनबीएच्या संकेतस्थळावर पाहावं. कॅप राउंडच्या गडबडीत हे कोणी सांगत नाही. टियर-१ असलं म्हणजे लायसन्स खिशात असं मुळीच नाही. पदवीला किती वजन द्यायचं हे प्रत्येक प्रांताची संस्था स्वतः ठरवते आणि जादा तांत्रिक परीक्षा द्यायला सांगू शकते. पण सुरुवात बरी होते.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की त्यापेक्षा तिथेच जाऊन शिकावं, इतकी कटकटच नको. कोअर विषयात, चांगल्या विद्यापीठात एम.एस. करणार असाल तर म्हणण्यात तथ्य आहे. पण कर्ज काढून घेतला जातो तो बहुतेकदा कॉलेजचा एक वर्षाचा सर्टिफिकेट कोर्स, प्रोजेक्ट मॅनेजमेंट वगैरे. लायसन्ससाठी तो इंजिनिअरिंगची पदवी म्हणून धरला जात नाही, आणि त्यावर वर्क परमिट मिळालंच तर साधारण कोर्सइतक्याच मुदतीचं मिळतं. त्या मुदतीत मिळेल ती नोकरी धरावी लागते. वेअरहाउसमधलं काम करण्यात कमीपणा काहीच नाही, पण ‘सध्या हे, मग इंजिनिअरिंगचं बघू’ म्हणता म्हणता दोन वर्षं गेली की आधीच संशयाने पाहिला जाणारा भारतातला अनुभव जुनाही होतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नावावरून भेदभाव होत असेल तर दोष व्यवस्थेचा, त्याचं ओझं पोरांवर का? ओझं त्यांचं नाहीच, आणि व्यवस्था थोडी हललीही आहे. लायसन्ससाठी कॅनडातलाच अनुभव हवा ही अट पीईओने २०२३ च्या मे महिन्यात काढून टाकली. ऑन्टॅरिओत २५ किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या मालकांना जाहिरातीत ‘कॅनडातला अनुभव आवश्यक’ असं लिहायला जानेवारी २०२६ पासून बंदी आहे. पण जाहिरातीतून काढलेली अट मुलाखत घेणाऱ्याच्या मनातून निघेलच असं नाही. तिथे उपयोगी पडतात ते ब्रिजिंगचे कार्यक्रम. मॅनिटोबा विद्यापीठाने २००३ च्या सुमारास परदेशात शिकलेल्या इंजिनिअरांसाठी असा कार्यक्रम सुरू केला. विद्यापीठातले मोजके विषय आणि त्याच्या जोडीला कंपनीत पगारी काम. यातला दुसरा भाग माझ्या मते पहिल्याहून मोलाचा, कारण त्यातून तिथलाच एक माणूस मिळतो जो ‘याचं काम मी पाहिलंय’ असं म्हणू शकतो. शहर निवडताना नातेवाईक कुठे आहेत हे बघतोच. तिथे असा कार्यक्रम आहे का, हेही बघावं.

सॉफ्टवेअरवाल्यांना यातलं बरंच काही लागू नाही. प्रोग्रॅमिंगच्या नोकरीला बहुतेक ठिकाणी लायसन्स कोणी विचारत नाही, आणि अल्बर्टाने २०२३ मध्ये ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ ही उपाधी लायसन्सशिवाय वापरायला मोकळीक दिली. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, केमिकलवाल्यांची गोष्ट निराळी. त्यांनी कन्सल्टंटला एक प्रश्न जरूर विचारावा: तुमच्या फीमध्ये लायसन्सच्या अर्जाचं काही आहे का? बऱ्याच प्रांतांत तो अर्ज भारतात बसून सुरू करता येतो. त्यासाठी विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट लागतात आणि पुष्कळदा प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रमही मागतात. पुणे विद्यापीठाचा २०१५ चा पॅटर्न वेगळा, २०१९ चा वेगळा. दहा वर्षांनी आपल्या पॅटर्नचा सिलॅबस शोधत कॉलेजच्या ऑफिसात चुलतभावाला हेलपाटे घालायला लावण्यापेक्षा, पदवी हातात पडली त्याच आठवड्यात त्याची शिक्क्यानिशी प्रत घेऊन ठेवावी.