घुबडाची शाळा

वर्गात एखाद्याने अगदीच चुकीचे उत्तर दिले, तर तुम्ही त्याला काय म्हणता? 'उल्लू' म्हणता. मराठीत याच पक्ष्याला घुबड म्हणतात. मराठी घरांत घुबडाला मूर्ख समजत नाहीत; पण ते घरावर येऊन बसले, तर आजी मात्र काळजीत पडते. म्हणजे उर्दूत ते मूर्ख आणि मराठीत अशुभ. बिचाऱ्या पक्ष्याचा दोन्हीकडे अपमानच!

इंग्लंडमध्ये मात्र एक अशी शाळा आहे, की जिच्या विद्यार्थ्यांच्या कोटावर घुबडाचे चित्र असते. तो कोट आपल्याला घालायला मिळावा, म्हणून दहा-अकरा वर्षांची मुले कठीण परीक्षेला बसतात. या शाळेच्या मासिकाचे नावसुद्धा 'उलुला' आहे. हे मासिक १८७३ साली सुरू झाले. उलुला हा लॅटिन शब्द आहे आणि त्याचा अर्थ घुबड. संस्कृतातला 'उलूक', तुमचा 'उल्लू' आणि हा 'उलुला' एकमेकांचे भाऊ वाटतात की नाही? घुबडाचा आवाज सगळ्या देशांत सारखाच, तेव्हा त्या आवाजावरून पडलेली नावेही सारखी.

ही शाळा म्हणजे मँचेस्टर ग्रामर स्कूल. ती १५१५ साली स्थापन झाली. म्हणजे बाबर बादशहा पानिपतच्या मैदानावर लढला, त्याच्याही अकरा वर्षे आधी. शाळा स्थापन करणाऱ्या धर्मगुरूचे नाव ह्यू ओल्डम. इंग्रजीत घुबडाला 'आउल' म्हणतात आणि त्या भागातले लोक ओल्डम या नावाचा उच्चार 'आउलडम' असा काहीसा करीत. म्हणून ओल्डमने आपल्या कुलचिन्हात घुबड घेतले आणि त्याच्याजवळ 'डम' एवढी अक्षरे लिहिली. आउल आणि डम मिळून आउलडम! पाचशे वर्षांपूर्वीचा हा विनोद आजही मुलांच्या छातीवर आहे.

आता ही शाळा कोणत्या प्रकारची आहे, ते पाहू. तिला तीन विशेषणे लावतात. पहिले, ती दिवसाची शाळा आहे. मुले सकाळी येतात आणि दुपारनंतर घरी जातात. तेथे वसतिगृह नाही. दुसरे, ती निवडक मुलांची शाळा आहे, म्हणजे परीक्षा घेऊन प्रवेश देते. तिसरे, ती स्वतंत्र शाळा आहे. आपल्याकडे जिला विनाअनुदानित शाळा म्हणतात, साधारण तशी. ती सरकारकडून पैसे घेत नाही. तिचा खर्च पालकांच्या फीतून आणि देणग्यांतून चालतो. इंग्लंडमधली शंभरांपैकी सहा-सात मुलेच अशा स्वतंत्र शाळांत शिकतात. बाकीची सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत जातात.

पण ओल्डमने शाळा काढली, ती फीसाठी नव्हे. त्या प्रदेशातल्या मुलांत बुद्धी आहे, परंतु त्यांच्या आईबापांजवळ पैसा नाही, म्हणून ती मुले शिकत नाहीत, असे त्याला वाटत होते. म्हणून त्याने मोफत शाळा काढली. मग शिक्षकांचा पगार कोठून द्यायचा? त्याची तोड मोठी गमतीची आहे. मँचेस्टरमध्ये इर्क नावाची एक लहान नदी आहे. तिच्यावर पाणचक्क्या होत्या. त्यांचे उत्पन्न शाळेला मिळू लागले.

पाणचक्की म्हणजे तुमच्या भाषेतली पनचक्की. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की तुमच्यापैकी काहींनी सहलीत पाहिली असेल. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची ती चक्की पाण्याच्या जोरावर फिरे आणि मुसाफिरांसाठी व फकिरांसाठी पीठ दळी. मँचेस्टरची चक्की शाळेसाठी दळत होती. फरक एवढाच, की मँचेस्टरच्या लोकांना आपले धान्य शाळेच्याच चक्कीवर दळावे लागे. दुसरीकडे जाण्याची मुभा नव्हती. शहर वाढले, तशी या सक्तीची लोकांना अडचण होऊ लागली. अखेर अठराव्या शतकाच्या मध्याला पार्लमेंटने कायदा करून धान्याच्या दळणाची सक्ती उठवली. तोपर्यंत मात्र शहरातली प्रत्येक भाकरी शाळेला थोडा हातभार लावीत होती, असे म्हणायला हरकत नाही.

या शाळेत शिकवीत काय? नावातच उत्तर आहे. 'ग्रामर' म्हणजे व्याकरण, आणि तेही इंग्रजीचे नव्हे, लॅटिनचे. त्या काळी युरोपात लॅटिन आल्याशिवाय विद्यापीठात जाता येत नसे, की वकील, वैद्य किंवा धर्मगुरू होता येत नसे. आपल्याकडे एके काळी फारसी आल्याशिवाय दरबारात नोकरी मिळत नसे, तसेच हे. खालच्या वर्गात मुले इंग्रजी वाचायला शिकत. लॅटिनच्या वर्गात गेले, की पुढचा रस्ता मोकळा होई.

त्या वर्गाच्या दारात एक मुलगा अडला. त्याची गोष्ट मला तुम्हांला मुद्दाम सांगायची आहे. कारण मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी अशा गावांत तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी माग चालतो. या मुलाचे नाव सॅम्युअल बॅमफर्ड. जन्म १७८८ सालचा. त्याचे वडील मलमल विणणारे विणकर होते. ते स्वतः अडाणी नव्हते. थोडेफार शिकवीतही असत. त्यांनी मुलाला या शाळेत घातले. मुलगा हुशार निघाला आणि लॅटिनच्या वर्गात जाण्याजोगा झाला. पण वडिलांनी त्याला तेथे जाऊ दिले नाही. शाळेत फी नव्हती, बुद्धीची उणीव नव्हती, दारही उघडे होते. तरी तो आत गेला नाही.

वडिलांना दोष देणे सोपे आहे. पण थोडे थांबा. विणकराच्या घरात दहा-बारा वर्षांचा मुलगा म्हणजे कामाचे दोन हात असतात. लॅटिन शिकायला आणखी सहा-सात वर्षे. तेवढ्या वर्षांत घरी काय यायचे? तुमच्या मोहल्ल्यातही हा हिशोब होतो. कांड्या भरायला, माग सांभाळायला मुलगा हवा असतो, म्हणून तो सातवी-आठवीतच शाळेतून नाहीसा होतो. त्याच्या वडिलांना शिक्षणाचा तिटकारा असतो, असे नाही.

बॅमफर्ड मागावर बसला. पण वाचन त्याने सोडले नाही. तो कविता लिहू लागला आणि गरिबांना मताचा हक्क मिळावा, म्हणून सभांत बोलू लागला. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरमध्ये याच मागणीसाठी प्रचंड सभा भरली. बॅमफर्ड आपल्या मिडलटन गावच्या लोकांना शिस्तीत घेऊन तेथे गेला. सभेवर घोडेस्वार घालण्यात आले आणि अनेक निरपराध माणसे मारली गेली. बॅमफर्डला एक वर्षाचा कारावास झाला. पुढे त्याने आपल्या आठवणी लिहिल्या. त्या काळच्या विणकरांचे जीवन समजून घेण्यासाठी अभ्यासक आजही त्या वाचतात. लॅटिन शिकायचे राहून गेले, याची खंत त्याने त्या आठवणींत लिहून ठेवली आहे.

याच्या अगदी उलट गोष्ट टॉमस डी क्विन्सी याची. तो सधन घरचा होता आणि ग्रीक भाषेत फारच पुढे गेलेला होता. त्या काळी काही मुले मुख्याध्यापकांच्या घरी राहत. तोही तेथे राही. पण व्यायामाला वेळ नाही, मोकळी हवा नाही, दिवसभर नुसते वर्ग, असे त्याला झाले. १८०२ साली, सतरा वर्षे पूर्ण होण्याआधीच, तो शाळेतून पळून गेला! पुढे तो इंग्रजीतला नामवंत लेखक झाला. हे वाचून तुम्ही पळून जाऊ नका, एवढेच सांगतो.

डी क्विन्सीची तक्रार खोटी नव्हती. शाळेला ती पटायला मात्र शंभर वर्षे लागली. १९०३ ते १९२४ या काळात जॉन लुईस पेटन हे या शाळेचे प्रमुख होते. या शाळेत मुख्याध्यापकांना 'हाय मास्टर' म्हणतात. पेटन यांच्या काळापासून मुलांच्या पायी सहली आणि तंबूतली शिबिरे यांना महत्त्व आले. आपले सामान पाठीवर घ्यायचे, डोंगरातून चालायचे, स्वतः चूल पेटवून रांधायचे. कारखान्यांच्या धुरात वाढलेल्या मुलांना हा मोठाच आनंद होता. ही प्रथा आजही चालू आहे. १९३१ साली शाळा शहराच्या गजबजाटातून दक्षिणेकडे मोकळ्या जागेत गेली. तेथे तिला मोठी मैदाने मिळाली.

आज या शाळेत सुमारे दीड हजार मुले आहेत. ती एकाच मोहल्ल्यातली नाहीत. कोणी बसने येतो, कोणी रेल्वेने, कोणी एका गावातून तर कोणी दुसऱ्याच गावातून. इंग्रजी व गणिताची प्रवेशपरीक्षा देऊन अकराव्या वर्षी बरीच मुले येथे येतात. सोळाव्या वर्षी एक सार्वजनिक परीक्षा, अठराव्या वर्षी दुसरी. लॅटिन अजून शिकवतात. पण आता विज्ञान, संगणक आणि निरनिराळ्या आधुनिक भाषाही आहेत. दुपारच्या सुट्टीत बुद्धिबळ, वादविवाद, वाद्यवृंद अशी मंडळे भरतात. आपल्या गावात वर्गात सर्वांत हुशार ठरलेला मुलगा येथे आला, की त्याच्या बाकावर शेजारी तसाच हुशार मुलगा बसलेला असतो. पहिला नंबर हरवतो. हा धक्का काहींना मानवतो, काहींना मानवत नाही.

या शाळेतून गेलेली काही माणसे तुम्हांला ठाऊक असतील. १९८२ साली निघालेल्या 'गांधी' चित्रपटात गांधीजींची भूमिका करणारे बेन किंग्जली येथलेच. त्यांचे मूळ नाव कृष्णा भानजी. वडिलांचे घराणे गुजराती. इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे नेतृत्व ५४ कसोटी सामन्यांत करणारे मायकेल अ‍ॅथर्टन येथलेच. गणितातले थोर संशोधक मायकेल अतिया यांचे वडील लेबनॉनचे अरब होते. अतियांनी केंब्रिजला जाण्यापूर्वी या शाळेत अभ्यास केला आणि १९६६ साली गणितातले फील्ड्स पदक मिळवले. शाळेपासून थोड्याच अंतरावर रशोम नावाचा भाग आहे. तेथील दुकानांत उर्दू सर्रास ऐकू येते.

मात्र मोफत शाळा आता मोफत राहिली नाही. एकोणिसाव्या शतकात फी भरणारी मुले घेण्यास सुरुवात झाली. तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकार अशा काही शाळांना थेट अनुदान देई आणि त्या बदल्यात शाळांनी निदान एकचतुर्थांश जागा मोफत ठेवाव्यात, अशी अट होती. त्या वर्षांत गिरणीकामगारांची, कारकुनांची मुले या शाळेत आली आणि मोठमोठ्या विद्यापीठांत गेली. अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची वाटणी करणे अन्यायाचे आहे, असे पुष्कळांचे म्हणणे होते. जी नापास होतात त्यांचे काय, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो आजही सुटलेला नाही. १९७० नंतरच्या दशकात हे अनुदान बंद झाले. निवडपरीक्षा सोडायची की सरकारी पैसा, असा पेच शाळेपुढे आला. शाळेने परीक्षा ठेवली आणि १९७६ साली ती पूर्ण स्वतंत्र झाली.

आता वर्षाची फी दहा हजार पौंडांच्या बरीच वर आहे. त्यात १ जानेवारी २०२५ पासून सरकारने अशा शाळांच्या फीवर वीस टक्के कर लावला आहे. ज्यांना फी झेपत नाही, अशा मुलांसाठी शाळा माजी विद्यार्थ्यांकडून देणग्या गोळा करते आणि त्यांतून आर्थिक मदत देते. तिला तुम्ही वजीफा म्हणाल, आम्ही शिष्यवृत्ती म्हणतो. दोनशेच्या आसपास मुले या मदतीवर शिकतात. दीड हजारांत दोनशे. हा आकडा तुम्हांला मोठा वाटतो, की लहान?

आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या प्रवेशासाठी मुलांची चाचणी घेण्यास मनाई केली आहे. नवोदय विद्यालयासारख्या थोड्या शाळा त्याला अपवाद आहेत. नवोदयची परीक्षा तुमच्या धाकट्या भावाबहिणींपैकी कोणी दिली असेल, तर त्यांना परीक्षेच्या दिवशीची धडधड विचारून पाहा.

आणि मुलींनो, तुम्ही केव्हापासून वाट पाहत असाल! ओल्डमच्या शाळेत मुलींना जागा नव्हती. त्यांच्यासाठी मँचेस्टरमध्ये स्वतंत्र हायस्कूल निघाले, ते १८७४ साली. मुलांच्या शाळेनंतर तीनशे एकोणसाठ वर्षांनी. स्त्रियांच्या मतदानहक्कासाठी लढलेल्या एमेलिन पँकहर्स्ट यांच्या मुली त्याच शाळेत शिकल्या.

स्वाध्याय

१. पाणचक्क्यांचा आणि शाळेचा संबंध काय होता, ते चार-पाच वाक्यांत लिहा.

२. बॅमफर्ड आणि त्याचे वडील यांच्यात लॅटिनच्या वर्गाविषयी काय बोलणे झाले असेल? दोघांचीही बाजू मांडणारा संवाद लिहा. वडिलांची बाजू कच्ची ठेवू नका.

३. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत थोड्या फरकाने येणारे पाच शब्द शोधा. (उदा. पनचक्की – पाणचक्की)