गोष्ट कोणत्या खणात ठेवायची?

बालमित्रांनो, जर्मन शाळेत तुम्ही मेर्शेन, झागे आणि फाबेल शिकता. आपल्या वर्गात मात्र सगळ्यांनाच ‘गोष्ट’ म्हणतात. हिरकणीची गोष्ट सांगितली की तुम्ही हमखास विचारता, “हे खरंच घडलं होतं?” आणि आम्ही पालक गडबडतो. म्हणून हे तीन खण :

१) गोष्टीला खरे गाव, गड किंवा साल जोडलेले आहे? ती आख्यायिका, म्हणजे झागे.
२) प्राणी माणसांसारखे वागतात आणि शेवटी शिकवण मिळते? ती नीतिकथा, म्हणजे फाबेल. उदा. पंचतंत्रातील माकड आणि मगर.
३) आटपाट नगर कोणत्याच नकाशात नाही आणि जादू घडते? ती अद्भुतकथा, म्हणजे मेर्शेन.

आता हॅनोव्हरजवळच्या हामेल्नचा बासरीवाला घ्या. ग्रिम बंधूंनी ही गोष्ट १८१२ च्या मेर्शेन-संग्रहात नव्हे, तर १८१६ च्या आख्यायिकांच्या संग्रहात घातली. तिला गाव आहे, १२८४ हे साल आहे, १३० मुलांचा आकडा आहे. हिरकणीचेही तसेच. रायगडावर हिरकणी बुरूज आजही आहे. तेवढ्याने गोष्ट इतिहास ठरत नाही, पण ती नुसती थापही नव्हे.

पालकहो, त्या प्रश्नाला आम्ही आता असे उत्तर देतो : “जागा खरी आहे; गोष्ट लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे.”

गृहपाठ : चिऊ-काऊची गोष्ट कोणत्या खणात? कारणासह दोन ओळी लिहा. आईबाबांनी उत्तर सांगू नये!