मूळपेशींच्या इंजेक्शनाने ऐकू येतं का?

गेल्या महिन्यात वस्तीतली एक आई तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्याकडे आली. मूल हाकेला वळत नाही. तिच्या हातात एका खासगी दवाखान्याचं रंगीत पत्रक होतं : 'स्टेम सेलने बहिरेपणा कायमचा बरा.' पैसे भरायला ती गळ्यातलं मोडायला निघाली होती. "ताई, खरंच होतं का हो असं?" तिला आम्ही जे सांगितलं, तेच इथे लिहीत आहोत.

कानाच्या पडद्याच्या बऱ्याच आत, गोगलगायीच्या शंखासारखा, वाटाण्याएवढा एक अवयव असतो. त्यात जन्मतः साधारण १५ हजार केसपेशी असतात. आवाज आला की त्यांचे टोकाचे केस हलतात आणि नसेतून मेंदूला निरोप जातो. 'नस सुकली' असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेकदा या पेशीच मेलेल्या असतात. डीजेच्या भिंतीसमोर तासन्‌तास उभं राहिल्याने, जेंटामायसिन-अमिकासिनसारख्या इंजेक्शनांनी, मेंदूज्वराने, वयाने त्या मरतात. (अशी इंजेक्शनं चालू असताना कानात शिट्टी वाजू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, औषध मात्र मनाने बंद करू नका.)

कोंबडीच्या पिलात या पेशी मेल्या तरी पुन्हा उगवतात, हे १९८०च्या दशकात दिसलं. माणसाच्या कानात उगवत नाहीत. त्या उगवाव्यात, यासाठीच सगळी धडपड चालू आहे.

एक वाट वाढघटकांची. 'जग, वाढ, जोडली जा' असा निरोप पेशींना देणारी ही शरीरातलीच प्रथिनं. जपानमध्ये क्योतोच्या डॉक्टरांनी आयजीएफ-१ हा घटक जेलमधून कानात ठेवून पाहिला. रुग्ण १२०, सगळे अचानक बहिरे झालेले आणि स्टिरॉइडने बरे न झालेले. २०१४ साली निकाल आला : जेलवाल्या ६७ टक्क्यांना फायदा, तर कानात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलेल्या ५४ टक्क्यांना. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, त्यामुळे ते औषध सरस ठरलं नाही. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर मळ असेल म्हणून तेल घालत बसू नका. दोन-तीन दिवसांच्या आत कान-नाक-घशाचा डॉक्टर गाठा. उशीर झाला की उपचाराचा उपयोग कमी होतो.

दुसरी वाट मूळपेशींची. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या शास्त्रज्ञांनी मानवी मूळपेशींपासून कानाच्या नसेच्या पेशी तयार केल्या आणि उंदरासारख्या जर्बिल प्राण्यांच्या कानात सोडल्या. २०१२ सालच्या त्या प्रयोगात ऐकणं सरासरी ४६ टक्के सुधारलं. पण ते जर्बिल होते. कानातल्याच झोपलेल्या पेशींना औषधाने जागं करण्याचा अमेरिकेतला एफएक्स-३२२ चा प्रयोग २०२३ मध्ये माणसांवर फसला.

म्हणजे संशोधन खरं आहे, विक्री खोटी आहे. आयसीएमआरच्या २०१७च्या नियमांप्रमाणे रक्ताच्या आजारांसारखे मोजके मान्य उपचार सोडले तर मूळपेशी फक्त नोंदणीकृत चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. पैसे मागितले, की समजून जा. गरिबाच्या आशेवर धंदा करणारे आम्ही वॉर्डात असतानाही पाहिलेत.

त्या आईला आम्ही मुलाची बेरा तपासणी करायला सांगितलं. नस शाबूत असेल तर कॉक्लिअर इम्प्लांट मेलेल्या पेशींना वगळून थेट नसेला संदेश देतं. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या घरांना केंद्राच्या एडिप योजनेतून त्यासाठी मदत मिळते. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत चौकशी करावी. अंगणवाडीत येणाऱ्या बालस्वास्थ्य पथकालाही मूल दाखवता येतं. भाषा शिकायचं वय पहिल्या चार-पाच वर्षांचं, म्हणून आम्ही तिला पुढच्या महिन्यावर ढकलू दिलं नाही. तपासणीची तारीख मिळाली आहे. गळ्यातलं अजून गळ्यातच आहे.