कृत्रिम झडप आणि हलणारी दाढ

प्रश्न : आईच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. दाढ हलते, हिरड्यांतून रक्त येते. पण हृदयरोग्याने दात काढू नये म्हणतात. काय करावे?

उत्तर : आपली चिंता रास्त आहे, परंतु हा समज निराधार असून, रोज घास चावताना सुजलेल्या हिरड्यांतून रक्तात शिरणारे जे जंतू झडपेवर ठाण मांडू शकतात, त्यांचेच भय अधिक. दंतवैद्यास झडपेची, चालू औषधांची व पेनिसिलिनचे वावडे असल्यास त्याचीही इत्तला आधी द्यावी, म्हणजे दाढ काढण्यापूर्वी ३० ते ६० मिनिटे प्रतिजैविकाची योग्य मात्रा देता येते. रक्त पातळ करणारी गोळी मात्र परस्पर बंद करू नये. पुढे ताप रेंगाळल्यास विनाविलंब हृदयरोगतज्ज्ञांकडे जावे. वेळीच दक्षता घेतल्यास मातोश्री निर्धास्तपणे भाकरी चावू शकतील.