जिंतूरच्या डॉक्टर भाचीस

परभणी, 14 जून 2024

चि. अनघास,


तुझा प्रश्न रास्त आहे. बालरोगतज्ज्ञांची आपली अकॅडमी नऊ ते चौदा वयाच्या मुलींना एचपीव्ही लशीचे दोन डोस सांगते, सहा महिन्यांच्या अंतराने. जागतिक आरोग्य संघटना डिसेंबर 2022 पासून म्हणते, एक डोसही पुरेल. मग मुलीच्या बापाला काय सांगायचं?

दोन सांग. पण हा एक डोस आला कुठून, ते ठाऊक असू दे. 2009 मध्ये दोन आणि तीन डोसांची तुलना करणारा अभ्यास देशात सुरू झाला; बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटलही त्यात होतं. पुढे आंध्र-गुजरातेत याच लशीच्या दुसऱ्या एका प्रकल्पात काही मुली दगावल्या आणि 2010 मध्ये सरकारने सगळ्याच अभ्यासांतलं हे लसीकरण थांबवलं. हजारो मुली एका डोसावरच राहिल्या. दहा वर्षांनी पाहिलं, तर या विषाणूच्या 16 आणि 18 या प्रकारांच्या चिवट संसर्गापासून त्यांनाही सुमारे 95 टक्के संरक्षण होतं. त्या मृत्यूंचा लशीशी संबंध सापडला नाही. मात्र पालकांची संमती धड घेतली नव्हती, हे चौकशीत निघालं. म्हणून आईबापांना समजेल असं विचारल्याशिवाय सुई उचलू नकोस. आणि दुसऱ्या डोसाचे पैसे नाहीत म्हणून कुणाला परत पाठवू नकोस. सीरम इन्स्टिट्यूटची लसही 2024 मध्ये डोसाला दोन हजारांच्या घरात जाते. सोयाबीनच्या भावात ते सोपं नाही.

सरकारी वेळापत्रकात ही लस जून 2024 पर्यंत तरी आलेली नाही, त्यामुळे सगळं तुझ्या शब्दावर. सूचना पाठ असलेले डॉक्टर मी पुष्कळ पाहिले, अडतं ते बोलताना. धनुर्वाताची लस 'आज द्यायचीय' म्हणतात, आणि एचपीव्हीच्या लशीबद्दल 'बघा, इच्छा असेल तर'. आई तिथेच उठते. दहाव्या वर्षीच्या धनुर्वाताच्या टीडी लशीसोबत त्याच दमात सांग : पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर टाळणारी लस, याच वयात द्यायची. संसर्ग कशातून होतो हे विचारलं तर लपवू नकोस. 'लग्नाआधी बघू' म्हणणाऱ्यांचं लग्न आपल्या जिल्ह्यात फार लवकर उभं राहतं, हे तुला मी काय सांगू!

आईची स्वतःची तपासणी झाली का, तेही विचार. धाराशिवच्या बायकांवरच्या अभ्यासात एकाच एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते.

टोचल्यावर मुलीला पंधरा मिनिटं बसवून ठेव. या वयात सुईनंतर भोवळ येते, आणि दवाखान्याच्या पायरीवर एक मुलगी पडली की संध्याकाळपर्यंत लस बदनाम.

तुझा,
मामा