पालकसभेसाठी पाठ : मुलांचा आहार व खेळ

पनवेल परिसरात शेते कमी होऊन वसाहती वाढल्या, तसे मुलांचे खाणे व खेळणे दोन्ही पालटले. डोंगरउतारावरची नाचणी ताटातून मागे सरली आणि वेफर्सचे पाकीट मुलांच्या हाती आले. पालकसभेत शिक्षकांनी उपदेशाचा सूर टाळून पुढील गोष्टी समजावून द्याव्यात.

१. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच तांदळात ते दहाच्या आसपासच असते. हाडे वाढण्याच्या वयात भाताच्या जोडीला नाचणीची भाकरी किंवा आंबील हवी.

२. रोज पाच रुपयांचे पाकीट म्हणजे महिन्याला दीडशे रुपये. तेवढ्यात नाचणी व शेंगदाणे घरी येतात. हा हिशेब चौथीच्या मुलांकडूनच फळ्यावर करून घ्यावा.

३. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल सुचविली आहे. लंगडी, खो-खो, शाळेपर्यंत चालणे यांतून ती सहज साधते. घरकामासाठी मुलीचा खेळ मात्र मोडू नये.

४. वडिलांनीच टाकळ्याची भाजी बाजूला सारली, तर मूल ती खाणार नाही. घरातील सर्वांनी निदान एक वेळ एकत्र बसून तेच अन्न जेवावे.

प्रत्येक पालकाने आपल्या घरात करावयाचा एकच बदल निवडावा. पुढील सभेत प्रथम त्याचीच विचारपूस व्हावी.