एक नकाशा, अनेक हात : गावाच्या पाण्याची माहिती सामायिक फोल्डरमध्ये नीट कशी ठेवायची



आपल्या गटाचं इतिवृत्त एका वहीत असतं. ती वही एका वेळी एकाच ताईच्या हातात असते. ती लिहिते, बाकीच्या बघतात, शेवटी सगळ्यांच्या सह्या होतात. दोघींनी एकाच पानावर एकाच वेळी लिहायला घेतलं तर काय होईल हे कुणाला सांगायला नको. आजचा पाठ याच गोष्टीचा आहे, फक्त वहीच्या जागी कॉम्प्युटरवरचा नकाशा आहे.

नकाशा आपल्या कामाचा कसा?

त्र्यंबकेश्वर तालुक्यात पाऊस धो-धो पडतो. ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते, इथल्याच डोंगरांतून वैतरणाही निघते. तरी उन्हाळा लागला की पाड्यापाड्यावर डोक्यावर हंडा येतो. काळा कातळ आणि तीव्र उतार यामुळे पाणी मुरण्याआधीच वाहून जातं. म्हणून कोणती विहीर बारमाही आहे, कोणता झरा होळीला आटतो, कोणता हातपंप बंद आहे, ही माहिती फार मोलाची. ती सगळ्यात जास्त कुणाला ठाऊक असते? पाणी भरणाऱ्या बाईला.

ही माहिती तोंडी राहिली तर ग्रामसभेत "बघू" असं उत्तर मिळतं. नकाशावर ठिपका, सोबत महिना आणि फोटो असला तर बोलण्याला वजन येतं. टंचाईचा आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा टप्प्यांत होतो. त्यात आपला पाडा यायचा असेल तर आपली नोंद बरोबर हवी. मार्चमध्ये आटणारी विहीर नकाशावर "बारमाही" दिसली, तर टँकरची मागणी तिथेच लंगडी पडते. वनहक्क कायदा २००६ खाली गावाच्या सामूहिक दाव्यालाही हद्दीचा नकाशा जोडावा लागतो. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश सदस्य महिला असाव्या लागतात. म्हणजे हा नकाशा समजून घेणं हे आपलंही काम आहे.

जागेच्या माहितीसह नकाशा ठेवण्याच्या पद्धतीला जीआयएस म्हणतात. त्यासाठी क्यूजीआयएस नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. २००२ साली त्याची सुरुवात झाली आणि आज तो जगभर वापरतात.

अडचण कुठे येते?

समजा, प्रभाग संघाच्या कार्यालयात तीन कॉम्प्युटर आहेत. नकाशाची फाईल त्यातल्या एकावर, सगळ्यांना दिसणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवली आहे. याला नेटवर्क ड्राइव्ह किंवा शेअर फोल्डर म्हणतात. एक ताई विहिरी भरते आहे. त्याच वेळी दुसरी ताई तीच फाईल उघडून हातपंप दुरुस्त करते. दोघीही सेव्ह करतात. आता एकीचं काम पुसलं जाऊ शकतं, फाईल अर्धवट लिहिली जाऊ शकते, किंवा ती पुन्हा उघडतच नाही. आणि बहुतेक वेळा हे लगेच कळत नाही. महिन्याभराने कुणीतरी विचारतं, "आमच्या वाडीचा झरा कुठं गेला?" तेव्हा उजेड पडतो.

हे का होतं ते समजलं तर नियम पाठ करावे लागत नाहीत. म्हणून फाईलचे दोन प्रकार नीट ओळखू.

शेपफाईल : मेथीची जुडी

हा जुना, पण अजून सगळीकडे चालणारा प्रकार. नाव एक असलं तरी ही एक फाईल नसते, जुडी असते. एका फाईलमध्ये ठिपके आणि रेषा, दुसरीत अनुक्रम, तिसरीत तक्ता. या तीन तर हव्याच. चौथीत नकाशा पृथ्वीवर कुठे बसवायचा ते लिहिलेलं असतं, आणि पाचवीत तक्त्यातली अक्षरं कोणत्या पद्धतीने वाचायची ते. पेन ड्राइव्हवर नेताना चौथी राहिली तर नकाशा जागा विसरतो. पाचवी राहिली तर मराठी नावांच्या जागी विचित्र खुणा दिसू शकतात. म्हणून न्यायची तर सगळी जुडी न्यायची.

मराठीत काम करणाऱ्यांना यात आणखी एक अडचण आहे. तक्त्याच्या रकान्याचं नाव जास्तीत जास्त १० इंग्रजी अक्षरांत बसवावं लागतं. देवनागरीचं एक अक्षर कॉम्प्युटरमध्ये साधारण ३ जागा घेतं, काना-मात्रा वेगळ्या. त्यामुळे मराठी नाव मध्येच तुटतं. रकान्याचं नाव इंग्रजी अक्षरांत आखूड ठेवा, आतली माहिती खुशाल मराठीत भरा.

शेअर फोल्डरवर शेपफाईल का बिघडते? सेव्ह करताना जुडीतल्या फाईली एकामागून एक लिहिल्या जातात. मध्येच लाईट गेली किंवा वाय-फाय तुटलं, तर एक फाईल नवी आणि एक जुनी राहते. शिवाय एकीने काही नोंदी काढून टाकल्या की खालच्या नोंदींचे क्रमांक वर सरकतात. दुसरीच्या कॉम्प्युटरवर अजून जुने क्रमांक असतील, तर तिची दुरुस्ती भलत्याच विहिरीवर जाऊन बसते.

जिओपॅकेज : कुलूपबंद पेटी

हा नवा प्रकार २०१४ साली मान्य झाला. सगळं एकाच फाईलमध्ये राहतं, मराठी नीट दिसतं, रकान्याच्या नावाला १० अक्षरांची अट नाही. एका कॉम्प्युटरवर काम करायला हा चांगला.

पण शेअर फोल्डरवर याचीही एक गोम आहे. फाईल उघडी असताना तिच्या शेजारी दोन छोट्या मदतनीस फाईली तयार होतात. नवीन नोंद आधी मदतनीस फाईलमध्ये जाते, मग सवडीने मुख्य फाईलमध्ये. ही व्यवस्था सगळे एकाच कॉम्प्युटरवर आहेत असं धरून केलेली आहे, कारण कोण लिहितंय याची खूण त्या कॉम्प्युटरच्या स्मरणात ठेवलेली असते. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नेटवर्कमधून आलेल्या ताईला ती खूण भरवशाने दिसत नाही. पेटीला कुलूप आहे, पण पलीकडच्या खोलीतून ते लागलंय की उघडंय हे कळत नाही.

यातून एक नियम निघतो. उघडी असलेली जिओपॅकेज फाईल कॉपी करायची नाही. केली तर शेवटची कामं मदतनीस फाईलमध्येच मागे राहू शकतात. आधी सगळ्यांनी क्यूजीआयएस बंद करायचं, शेजारच्या दोन फाईली गेल्या का ते बघायचं, मगच कॉपी.

इंटरनेटवरच्या ड्राइव्हचंही तसंच. फाईल उघडी असताना ती आपोआप वर चढत राहिली तर अर्धवट प्रत चढते. दोघींनी बदल केले तर एकाच नावाच्या दोन प्रती होतात आणि खरी कोणती ते कळत नाही. पूर्ण झालेली, बंद केलेली प्रत ठेवायला तो ड्राइव्ह चांगला. चालू काम तिथे नको.

मग काम कसं करायचं? तीन वाटा

पहिली वाट : चावी. छोट्या कार्यालयाला ही पुरते. शेअर फोल्डरमधली मूळ फाईल फक्त बघण्यासाठी. बदल करायचा तर चावी वहीत नाव लिहायचं : तारीख, कोणी घेतली, कोणत्या गावाचं काम, कधी परत केली. मग फाईल आपल्या कॉम्प्युटरवर कॉपी करायची, तिथे काम करायचं, सेव्ह करून बंद करायची आणि पुन्हा उघडून तपासायची. सगळं ठीक असेल तर नव्या तारखेच्या नावाने शेअर फोल्डरमध्ये ठेवायची. चावी परत आल्याशिवाय दुसरीने बदल करायचा नाही, बघायला हरकत नाही.

दुसरी वाट : वाटणी. माहिती पुष्कळ असेल आणि भरणाऱ्या चार-पाच जणी असतील तर प्रत्येक ग्रामसंघाची वेगळी फाईल करायची. जिचं गाव तिची फाईल. रकाने मात्र सगळ्यांचे अगदी सारखे हवेत. महिन्याच्या शेवटी एकच ताई सगळ्या फाईली जोडून तालुक्याची एक फाईल बनवते. जोडलेल्या फाईलमध्ये कुणी दुरुस्ती करायची नाही. चूक दिसली तर ती गावाच्या फाईलमध्ये सुधारायची, नाहीतर पुढच्या महिन्यात जुनी चूक परत येते.

शिवारात फिरून माहिती घ्यायची असेल तर क्यूफील्ड हे मोबाईल ॲप मोफत आहे. रेंज नसली तरी चालतं. कार्यालयात आल्यावर माहिती उतरवून घ्यायची.

तिसरी वाट : खिडकी. बँकेत आपण सगळ्या जणी तिजोरीत हात घालत नाही. खिडकीवर स्लीप देतो, रोखपाल एकेक करून नोंद करतो. कॉम्प्युटरमध्ये असा रोखपाल असतो, त्याला डेटाबेस सर्व्हर म्हणतात. पोस्टग्रेस आणि त्याला जोडलेलं पोस्टजीआयएस हे मोफत आहेत. दहा जणी एकाच वेळी काम करू शकतात. मध्येच लाईट गेली तर अर्धवट नोंद राहत नाही : एक तर पूर्ण होते, नाही तर होतच नाही. पण ते बसवायला आणि सांभाळायला जाणकार माणूस लागतो. आणि दोघींनी एकाच विहिरीची नोंद बदलली तर इथेही शेवटी सेव्ह करणारीचीच राहते. म्हणून कामाची वाटणी तिथेही हवी. रोज दोघी-तिघींना एकदमच लिहावं लागत असेल तर या वाटेचा विचार करा. नाहीतर चावी आणि वाटणी पुरे.

नकाशाची पंचसूत्री

गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. नकाशासाठी ही दुसरी :

१. एका वेळी एकच लिहिणारी. बघणाऱ्या कितीही.

२. प्रत्येक स्रोताला कायमचा क्रमांक. नुसतं १, २, ३ नको, कारण प्रत्येक गावात १ असतो. गावाचा जनगणनेतला ६ अंकी कोड आणि पुढे ३ अंक असं करा. विहीर बुजली तरी तिचा क्रमांक दुसरीला द्यायचा नाही, "बंद" असं लिहायचं.

३. शब्द ठरलेले. कुणी "विहीर", कुणी "विहिर", कुणी "आड" लिहिलं तर मोजणी चुकते. क्यूजीआयएसमध्ये यादी करून ठेवा, म्हणजे लिहायचं नाही, निवडायचं. "पाणी कोणत्या महिन्यापर्यंत" हा रकाना नक्की ठेवा. शेवटी "कोणी बदललं" आणि "कधी बदललं" हे दोन रकाने.

४. तीन प्रती. एक कार्यालयात, एक पेन ड्राइव्ह किंवा बाहेरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या इमारतीत किंवा इंटरनेटवर. नावात तारीख, वर्ष आधी : पाणी_२०२६_०४_१२. अशी नावं आपोआप क्रमाने लागतात. "नवीन", "अगदी नवीन", "शेवटची" अशी नावं नकोत.

५. प्रत उघडून तपासणे. महिन्यातून एकदा जुनी प्रत उघडा आणि स्रोत मोजा. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेली रोकड.

तपासणीच्या दोन सोप्या युक्त्या

एक : आकडे बघा. त्र्यंबकेश्वर गाव साधारण १९.९३ अक्षांश आणि ७३.५३ रेखांशावर आहे. आपल्या तालुक्यातले ठिपके याच्या आसपासच हवेत. आकडे उलटे भरले तर आपली विहीर थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन बसते. सगळा नकाशा लांब करून बघितला की असे हरवलेले ठिपके लगेच दिसतात.

दोन : काम सुरू करण्याआधी आणि नंतर एकूण नोंदी मोजून वहीत लिहा. आधी १४० होत्या, ६ भरल्या, तर १४६ हव्यात. कमी-जास्त असेल तर चावी परत करू नका, आधी शोध घ्या. बचतीचा ताळमेळ लावतो तसाच हा ताळमेळ.

हेही लक्षात असू द्या

शेअर फोल्डरच्या कॉम्प्युटरला शक्यतो वायरने जोडा, वाय-फायपेक्षा ती भरवशाची. मोठं काम चालू असताना इन्व्हर्टर असलेला बरा. नकाशाचा प्रोजेक्ट आणि त्याच्या फाईली एकाच फोल्डरमध्ये ठेवा. नाहीतर एका कॉम्प्युटरवर उघडणारा नकाशा दुसऱ्यावर "फाईल सापडत नाही" म्हणतो. आणि सामायिक नकाशात कुणाचं कर्ज, आजारपण, घरची अडचण असं काही लिहू नका. पाण्याचा नकाशा सगळ्यांनी बघावा असा असतो, घरातल्या गोष्टी तशा नसतात.

कॉम्प्युटर चालवणं एखादीलाच येत असेल. पण कोणती विहीर कधी आटते हे सांगणं, वाचून दाखवलेली नोंद "बरोबर" किंवा "चूक" म्हणणं, हे प्रत्येकीला येतं. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि होळीनंतर, ग्रामसंघाच्या बैठकीत गावाची यादी मोठ्याने वाचा. वाचून झाल्यावर इतिवृत्तात ठराव घ्या. ग्रामसभेत नकाशा मांडताना तो ठराव सोबत ठेवा.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गावातले पाण्याचे किती स्रोत आपण आत्ता आठवून सांगू शकतो? त्यातले होळीनंतर पाणी असणारे किती?

२. आपल्या प्रभाग संघात नकाशाची मूळ फाईल कोणत्या कॉम्प्युटरवर आहे? तिची दुसरी प्रत कुठे आहे?

३. चावी वही कोण सांभाळेल? ती ताई रजेवर असली तर कोण?

४. गावाच्या पाण्याची यादी शेवटची कधी वाचून तपासली? पुढची तारीख आजच ठरवा.